मोती तळाशी बसून आहे, अंगावर पांढरे ठिपके, प्लीज कुणीतरी सांगा काय करू

काचेपलीकडे | मंगळवार, रात्री ११:४०

नमस्कार, पहिल्यांदाच धागा काढतेय आणि घाईत लिहितेय, काही राहिलं तर विचारा. आमच्याकडे मोती आहे, ओरांडा गोल्डफिश, पांढरी, डोक्यावर लाल वेन (मऊ, गाठीगाठींची वाढ), ६ वर्षांची. खरं तर ती आईची. आई सकाळी उठली की आधी टँकपाशी जाते, काचेच्या उजव्या कोपऱ्यावर बोट टेकवते आणि मोती जिथे असेल तिथून त्या कोपऱ्यात येते, गेली ६ वर्षं असंच चाललंय. परवापासून ती येत नाहीये. तळाशी बसलीये, पर अंगाला चिकटवून, मध्येच एकदम उसळी मारते आणि खड्यांवर अंग घासते आणि परत बसते. आज टॉर्च मारला तर शेपटीवर आणि अंगावर बारीक पांढरे ठिपके दिसले, मीठ भुरभुरल्यासारखे.

टँक १२० लिटरचा, हीटर आहे पण बंद असतो, पाणी २२ अंश. सोबत छकुली आहे, छोटी फँटेल गोल्डफिश, ३ आठवड्यांपूर्वी आणली. तिच्या अंगावर तर खूपच ठिपके आहेत.

घाबरून मी संध्याकाळी मिथिलीन ब्लू टाकलं, मग घरात एक 'सगळ्या रोगांवर' लिहिलेली बाटली होती ती पण टाकली, आणि अंदाजाने मूठभर मीठ. आता ती आणखी जोरात श्वास घेतेय असं वाटतंय. आई बोलत नाहीये काही, नुसती खुर्ची घेऊन समोर बसलीये.

तळ्यातला | रात्री ११:५२

हा इच आहे, व्हाइट स्पॉट. तापमान ३० वर न्या, मीठ वाढवा, ८-१० दिवसांत जातो. माझ्याकडे दोनदा आला दोनदा गेला. घाबरू नका.

शेवाळी | बुधवार, रात्री १२:१०

थांबा, कृपया आज रात्री आणखी काहीही टाकू नका. तीन गोष्टी एकत्र टाकल्यात, त्यातल्या एकीत काय आहे हे आपल्याला माहीत पण नाही, आणि त्या एकमेकींवर काय करतात तेही नाही.

आधी ह्या प्रश्नांची उत्तरं द्या. अमोनिया, नायट्राइट, पीएच किती आहे, टेस्ट किट आहे का? फिल्टर शेवटचा कधी आणि कसा धुतला? छकुलीला आणल्यावर वेगळं ठेवलं होतं का की थेट टँकमध्ये? फिल्टरमध्ये कार्बन आहे का?

आणि आत्ता लगेच करायचं ते एवढंच, एअर पंप असेल तर फुल करा, लाइट बंद ठेवा, खायला काही देऊ नका. क्लोरीन काढलेलं पाणी तयार असेल तर तापमान जुळवून निम्मं पाणी बदला. ठिपके आज रात्रीत मारत नाहीत तिला, खराब पाणी मारू शकतं.

काचेपलीकडे | रात्री १:०५

बदललं निम्मं पाणी. पंप लावलाय. किट आहे, पण मुदत संपलेली आहे, उद्या सकाळी नवीन आणते. फिल्टरचं आठवतंय, १५ दिवसांपूर्वी स्पंज फारच काळा झाला होता म्हणून नळाखाली स्वच्छ पिळून पिळून धुतला, अगदी नवीन दिसेपर्यंत. आणि नाही, छकुलीला थेट सोडलं होतं.

अनुस्वार | सकाळी ७:२०

उपचार सुरू करायच्या आधी एक गोष्ट नक्की बघा म्हणून लिहितेय. माझ्या गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या कडेवर असेच पांढरे दाणे आले होते, मी इच समजून १२ दिवस औषध दिलं, तो बिचारा खात होता, पोहत होता, त्याला काहीच झालेलं नव्हतं. ते विणीच्या हंगामात नराला येणारे दाणे होते, आपोआप येतात आपोआप जातात. औषधाने मात्र तो खरंच आजारी पडला. ते दाणे ठरावीक जागी असतात, ओळीत असल्यासारखे. इचचे ठिपके कुठेही असतात, शेपटीवर, पाठीवर, डोळ्याजवळ.

काचेपलीकडे | सकाळी ९:३०

बघितलं, शेपटीवर सगळीकडे आहेत, पाठीवर आहेत, आणि मोती मादी आहे असं आम्ही समजतो. ती पांढरी असल्यामुळे समोरून ठिपके कळतच नाहीत, टॉर्च बाजूने तिरका धरला की दिसतात.

नवीन किटचे आकडे: अमोनिया १ पीपीएम, नायट्राइट ०.५, पीएच ८. आणि हे निम्मं पाणी बदलल्यावरचे आहेत.

शेवाळी | सकाळी १०:०५

आकडे दिलेत ते फार बरं केलं, आता चित्र स्पष्ट झालं. थोडं मोठं लिहितोय, शांतपणे वाचा.

स्पंजमधलं ते काळं म्हणजे नुसती घाण नव्हती. मासा कल्ल्यांमधून अमोनिया सोडतो, उरलेलं खाणं कुजूनही अमोनियाच होतो. स्पंजवर राहणारे जिवाणू त्याचा नायट्राइट करतात, मग दुसरे जिवाणू नायट्राइटचा नायट्रेट करतात आणि तो बराच कमी त्रासदायक. नळाच्या क्लोरीनने हे जिवाणू मेले. त्याच सुमारास टँकमध्ये एक मासा वाढला म्हणजे अमोनिया वाढला. म्हणजे गेले २ आठवडे मोती स्वतःच्याच सोडलेल्या विषात श्वास घेत होती. त्यात पीएच ८. पीएच ७ ला एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, ८ ला तोच ५ टक्क्यांच्या आसपास जातो, जवळजवळ १० पट. म्हणून तुमचा १ हा आकडा दिसतो त्यापेक्षा वाईट आहे.

इचचा परजीवी बहुधा छकुलीबरोबर आला. निरोगी मासा थोडाफार तोंड देतो, पण कल्ले भाजलेले आणि अंगावरचा चिकट थर गेलेला मासा नाही देऊ शकत. म्हणून दोन्ही आजार एकत्र धरायला हवेत, आणि पाणी आधी.

आजचं काम: अजून ४०-५० टक्के पाणी बदल, क्लोरीन काढून, तापमान जुळवून. फिल्टरमध्ये २४ तास कार्बन घाला, कालची औषधं तो शोषून घेईल, मग काढून टाका, नाहीतर पुढचं औषधही खाईल. ओळखीत कुणाचा निरोगी, जुना चाललेला टँक असेल तर त्यांच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागा आणि तुमच्या फिल्टरमध्ये ठेवा, हे सगळ्यात मोठं औषध आहे. रोज अमोनिया मोजा.

तळ्यातला | सकाळी १०:३०

पाण्याचं पटलं, ते मी विचारायला हवं होतं. पण तापमानाचं मी म्हणतो ते करा, ३० ला इच वाढूच शकत नाही, सगळे करतात.

शेवाळी | सकाळी १०:५५

तळ्यातला, एरवी मी पण ते मान्य केलं असतं, गरम पाण्यातल्या माशांसाठी तर नक्कीच. पण इथे नको. २० अंशाच्या पाण्यात लिटरला साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसात. कल्ले आधीच दुखावलेत, मासा थंड पाण्यातला, वरून गरम पाण्यात तिची ऑक्सिजनची गरजही वाढणार, आणि तापमान वाढलं की तोच अमोनिया जास्त विषारी होतो. २६ पुरे. तेही दिवसाला २ अंशांनी, एकदम नाही.

कल्ला | दुपारी १:१५

मी पशुवैद्य आहे, मासे रोज येत नाहीत माझ्याकडे पण येतात. वर शेवाळींनी जे लिहिलंय त्याच्याशी सहमत. इचबद्दल एक गोष्ट समजून घेतली की पुढचे दिवस कमी भीतीचे जातील म्हणून सांगते.

तो ठिपका म्हणजे कातडीच्या आत बसून खाणारा परजीवी. कातडीचं झाकण असल्यामुळे तिथे कुठलंही औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही, मीठही नाही. पोट भरलं की तो गळून खाली पडतो, खड्यांत गाठ बांधतो, त्या गाठीत शेकड्यांनी पिल्लं तयार होतात आणि पाण्यात सुटतात. त्या पिल्लांना साधारण २ दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात. औषध लागू पडतं ते फक्त ह्या पोहणाऱ्या पिल्लांना. आपण ठिपक्यांना मारत नसतो, पुढची पिढी अडवत असतो. २५-२६ अंशाला हे सगळं चक्र आठवड्याभरात फिरतं, थंड पाण्यात कित्येक आठवडे लागतात, तापमान वाढवायचं ते ह्यासाठी, चक्र लवकर फिरावं म्हणून.

म्हणून २-३ दिवसांनी ठिपके वाढलेले दिसले तर औषध चालत नाही असं समजून दुसरं टाकू नका, ते आधीच आत शिरलेले असतात. आणि ठिपके गेले म्हणून लगेच थांबू पण नका.

तुमच्या जवळपास मायक्रोस्कोप असलेला पशुवैद्य असेल तर अंगावरच्या चिकट थराचा नमुना नक्की दाखवा. इच असेल तर त्याच्या आत घोड्याच्या नालेसारखं केंद्रक दिसतं, शंकाच राहत नाही.

पाणवठा | दुपारी २:००

माझ्या ओळखीतला एक जण माणसांची अँटिबायोटिक कॅप्सूल अर्धी टाकतो टँकमध्ये, त्याचे मासे बरे होतात म्हणे, करून बघायचं का?

कल्ला | दुपारी २:२०

नको, अगदी नको. इच हा जिवाणू नाहीये, अँटिबायोटिक त्याला काही करणार नाही. जे जिवाणू मरतील ते फिल्टरमधले उरलेसुरले, म्हणजे अमोनिया आणखी वाढणार. आणि अर्धवट डोसने औषधाला न जुमानणारे जिवाणू तयार होतात, ते पाणी शेवटी मोरीतूनच जातं ना.

काचेपलीकडे | रात्री ९:१०

सगळ्यांचं सगळं दोनदा वाचलं, आईला पण वाचून दाखवलं. एका ओळखीच्यांकडे ४ वर्षं जुना टँक आहे, त्यांनी अर्धा स्पंज कापून दिला, ओला ठेवून आणला. पाणी बदललं, कार्बन घातला. अमोनिया आता ०.५.

उद्यापासून मीठ की मॅलाकाइट ग्रीनवालं औषध? दोन्ही वाचलं, ठरवता येत नाहीये.

शेवाळी | रात्री ९:४०

तुमच्या टँकमध्ये मीठ. कारण सांगतो. एक तर पोहणाऱ्या पिल्लांना ते मारतंच. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात, त्यामुळे पाणी सतत त्याच्या अंगात शिरत असतं आणि किडनी ते सतत बाहेर काढत असते. कातडी आणि कल्ले फुटलेले असले की हे काम कितीतरी वाढतं. पाण्यात थोडं मीठ असलं की तो भार कमी होतो. दुसरं, तुमचा नायट्राइट अजून वाढणार आहे, आणि मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. एकाच वस्तूने तीन कामं होतायत. मॅलाकाइट ग्रीन चालतं, पण ते जहाल आहे, हाताला सुद्धा लागू द्यायचं नसतं, आणि ऑक्सिजनवर ताण येतो. मीठ पुरलं नाही तर बघू.

लिटरला १ ग्रॅमने सुरुवात, १२ तासांनी आणखी १, १२ तासांनी आणखी १, एकूण ३ ग्रॅम. वेगळ्या भांड्यात टँकच्याच पाण्यात पूर्ण विरघळवून, हळूहळू ओता, खडे मीठ माशाच्या अंगावर पडलं तर भाजतं. वजन करून घ्या, मुठीने नाही. आणि टँक १२० चा असला तरी खडी, सजावट, वरची मोकळी जागा धरून पाणी १०० च्या आसपासच असेल, म्हणजे प्रत्येक वेळी १०० ग्रॅम. मंगळवारचं मूठभर मीठ दोन्ही वेळच्या पाणी बदलात बरंचसं गेलं. मीठ हवेत उडून जात नाही, त्यामुळे पुढे पाणी बदललं की जेवढं पाणी नवीन तेवढ्याचंच मीठ.

झाडं किंवा गोगलगायी असतील तर आधी बाहेर काढा.

काचेपलीकडे | शुक्रवार, सकाळी ६:५०

छकुली गेली. रात्री ३ ला बघितलं तेव्हा फिल्टरच्या मागे होती, कल्ले हलत होते, सकाळी नाही. ३ आठवडेच होती आमच्याकडे. तिला मी नीट ओळखतही नव्हते आणि सारखं वाटतंय की तिला तिथून आणलं ती मीच आणि त्या पाण्यात सोडली ती पण मीच.

मोतीच्या अंगावर ठिपके कालपेक्षा जास्त आहेत. डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून मिठाशिवाय दुसरं काही टाकलं नाही.

मृदा | सकाळी ७:३०

ताई, वाईट वाटलं. लहान माशाचे कल्ले आधी भरतात, बाहेर दिसतात त्यापेक्षा कितीतरी जास्त ठिपके आत असतात, ती आली तेव्हाच आजारी असणार. तुम्ही रात्री ३ वाजता उठून तिला बघत होतात.

माझा फायटर मासा गेल्या वर्षी ड्रॉप्सीने गेला. पोट फुगून खवले पाइनच्या फळासारखे उभे राहिले, तोवर फार उशीर झालेला असतो, किडनी थांबलेली असते. ९ दिवस मी त्याला एकेक उपाय करत राहिले. शेवटचे ४ दिवस तो आडवा होता, आणि ते ४ दिवस मी त्याच्यासाठी नाही, माझ्यासाठी चालवले, हे मला आता कळतं. कुणावर ती वेळ आली तर लवंगाच्या तेलाबद्दल डॉक्टरांना विचारा. मला तेव्हा माहीतच नव्हतं.

कल्ला | सकाळी ८:१०

मृदा, हे लिहिलंत ते बरं केलं, बरेच जण विचारायलाच घाबरतात. लवंगाच्या तेलातल्या युजेनॉलने माशाला भूल चढते. कमी प्रमाणात झोप, जास्त प्रमाणात मरण, आणि ते वेदनेशिवाय. वेगळ्या भांड्यात टँकचंच पाणी घेऊन त्यात मासा ठेवतात, तेल थोड्या पाण्यात जोरात हलवून दुधाळ करून हळूहळू मिसळतात. तो आडवा झाला की आणखी देतात, आणि कल्ल्यांची हालचाल पूर्ण थांबल्यावरही किमान अर्धा तास त्याच पाण्यात राहू देतात, कारण लवकर काढला तर शुद्धीवर येऊ शकतो. फ्रीजरमध्ये ठेवणं किंवा जिवंत मासा कमोडमध्ये सोडणं, हे कृपा करून कुणी करू नका.

काचेपलीकडे, मोती त्या टप्प्यावर अजिबात नाहीये. ती उभी आहे, तोल आहे. चालू ठेवा. आणि टँकमध्ये हात घालताना हाताला जखम असेल तर हातमोजे घाला, माशांकडून माणसाच्या कातडीत शिरणारा एक हट्टी जिवाणू असतो, त्याच्या गाठी महिनोन्‌महिने बऱ्या होत नाहीत.

तळ्यातला | सकाळी ८:४५

ताई, वाईट झालं. रोज पाणी बदलताना तळाची खडी सायफनने खेचून काढा, इचच्या गाठी तिथेच असतात, जेवढ्या बाहेर तेवढी पिल्लं कमी. मला औषधापेक्षा ह्याचा जास्त फायदा झाला होता.

काचेपलीकडे | रविवार, रात्री १०:००

अमोनिया ०.२५, नायट्राइट १. मीठ ३ ग्रॅमवर आहे, पाणी २६ अंश. खडी अर्धी काढूनच टाकली, उरलेली रोज सायफन करते. ठिपके शुक्रवारपेक्षा कमी आहेत, आई म्हणते खूप कमी, मी म्हणते थोडे कमी. शेपटीची कडा थोडी फाटल्यासारखी झालीये. श्वास हळू झालाय, मिनिटाला मोजले तर परवापेक्षा बरेच कमी.

आज तिने वर येऊन पृष्ठभागावर तोंड उघडबंद केलं, ऑक्सिजन कमी पडतोय का खायला मागतेय कळलं नाही.

शेवाळी | रात्री १०:२५

सतत वर राहून गटागटा हवा घेत असेल तर ऑक्सिजन. माणूस आल्यावर वर येऊन बघत असेल तर भूक. ४-५ दिवस न खाऊन गोल्डफिशला काही होत नाही, पण आता अमोनिया खाली आलाय तर दिवसाला एकदाच, २ मिनिटांत संपेल एवढंच द्या, आधी भिजवून. उरलं तर लगेच काढा.

शेपटीची कडा रोज एकाच कोनातून फोटो काढून ठेवा. ठिपका गळतो तिथे बारीक भोक राहतं, त्याने कडा फाटते, ती स्वच्छ पाण्यात भरून येते. पण कडेला पांढरट धूसर किंवा लालसर होऊन रोज आत आत सरकत असेल तर फिन रॉट, म्हणजे पर सडतोय, तेव्हा सांगा. आणि कापसासारखं काही तोंडाशी किंवा पाठीवर दिसलं तर तेही लगेच सांगा, पांढरं दिसलं म्हणजे बुरशीच असं नसतं, कॉलमनॅरिस नावाचा जिवाणू अगदी तसाच दिसतो आणि तो गरम पाण्यात वेगाने पसरतो, तेव्हा तापमान उलट कमी करावं लागतं.

काचेपलीकडे | पुढचा बुधवार, रात्री ८:१५

ठिपके एकही नाही! टॉर्च लावून तिघांनी बघितलं. वेनच्या घड्यांमध्ये नीट दिसत नाही तेवढंच. मीठ काढायला सुरुवात करू का?

कल्ला | रात्री ८:५०

नाही. ठिपके गेले म्हणजे ते माशावरून खाली उतरले, टँकमधून गेले असं नाही. शेवटचा ठिपका दिसल्यापासून किमान १० दिवस मीठ आणि तापमान दोन्ही तसंच. कल्ल्यांच्या आतलं आपल्याला दिसत नाही.

अनुस्वार | रात्री ९:०५

आणि ह्या टँकमधली जाळी, सायफनची नळी, बादली दुसऱ्या कुठल्याही टँकला वापरू नका, पूर्ण वाळवा. ज्यांनी स्पंज दिला त्यांच्याकडे तर नकोच. पुढे कधी नवीन मासा आणलात तर वेगळ्या छोट्या टँकमध्ये ३-४ आठवडे, कितीही निरोगी दिसला तरी. मी एका साध्या प्लॅस्टिकच्या डब्यात स्पंज फिल्टर लावून ठेवते, तेवढं पुरतं. तो छोटा स्पंज एरवी मोठ्या टँकमध्येच चालू ठेवायचा म्हणजे जिवाणू तयार असतात.

काचेपलीकडे | त्यानंतरचा दुसरा रविवार, सकाळी ७:४०

११ दिवस ठिपका नाही. अमोनिया ०, नायट्राइट ०, काल आणि आज दोन्ही दिवस. आजपासून पाणी बदलताना नवीन पाण्यात मीठ घालणार नाही, असंच हळूहळू कमी होऊ देणार. हीटर रोज १ अंश खाली. स्पंज आता टँकमधून काढलेल्या पाण्यातच हलका पिळणार, आईने फिल्टरवर चिठ्ठी चिकटवलीये, 'नळ नाही'.

शेपटी भरतेय, नवीन भाग पारदर्शक आहे, कडेला अजून वेडीवाकडी आहे.

सकाळी आईने कोपऱ्यात बोट टेकवलं तेव्हा मोती मागच्या बाजूला होती. वळली, थोडी थांबली, मग आली. आई अजून तिथेच उभी आहे.